अंगुली-तीन आणि सव्वादोनची बांगडी

संप माणसांनी करावा, फार तर एसटीनं करावा. पण फलटणच्या बाजारपेठेत 'खुटाळे बांगडी भांडार'च्या गादीवर बसलेल्या सुवर्णाआत्याच्या उजव्या हातानं त्या मंगळवारी भर दुपारी संप केला. मुहूर्त तरी कसला साधावा! समोर लोखंडेकाकू बसलेल्या, त्यांच्या शेजारी त्यांची लेक ऐश्वर्या, रविवारी जिचं लग्न, आणि तिचं मनगट आत्याच्या मुठीत येणार इतक्यात हाताची पाची बोटं अर्धवट मिटली आणि तशीच राहिली.

मनगटावरच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं उमटली. 'पकड सुरू होऊ शकत नाही. अंगुली-३ सापडली नाही.'

"काय म्हणतोय हो?" लोखंडेकाकूंनी मान पुढं काढली.

"अंगुली सापडत नाही म्हणतोय," आत्या म्हणाली. "मला तर पाची दिसतायत. शालू, बघ गं जरा."

शालू म्हणजे शाल्मली, आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. दहावीतली. सकाळची शाळा सुटली की दप्तरासकट थेट दुकानात. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायची. मग शाळेचं मोडीत निघालेलं संगणकयंत्र तिनं एकटीनं लिनक्स घालून पुन्हा उभं केलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला जो पूर आला तो काही ओसरला नाही. तिनं पडदा वाचला आणि तिचे डोळे लकाकले.

"आत्या, तुझ्या हाताचं काही बिघडलेलं नाही. त्याची शिदोरी कुणीतरी पळवलीय."

आता हा हात म्हणजे काय प्रकार होता, ते सांगायला हवं. फिरोजाबादचा माल घेऊन येताना लोणंद रस्त्यावर टेम्पो उलटला, आणि आत्याचा उजवा हात कोपराखाली गेला. कासाराच्या बाईचा उजवा हात जाणं म्हणजे गवयाचा गळा जाणं. पण तोवर 'करतल' कंपनीचे हात गावोगाव मिळू लागले होते. कोपराशी उरलेल्या हातावर चकत्या बसायच्या. मेंदूनं धाडलेला निरोप स्नायूत येऊन थबकला की त्या तो टिपायच्या आणि हाताच्या पोटातला चिमुकला संगणक बोटं हलवायचा. बोटांना काय लागलं ते उलट पावली दंडावर बारीक थरथर होऊन परत यायचं. हात काही शिकलेला येत नसे. ज्याचा त्यानं तो शिकवायचा. तान्ह्या पोरासारखा.

आणि आत्यानं काय शिकवलं त्याला! हातात सहज बसेल ती बांगडी कुणीही भरेल. बसणार नाही असं वाटतं ती जो भरतो तो कासार. गिऱ्हाइकाचा अंगठा तळव्यात दुमडायचा, त्याच्या मुळाचा उंचवटा दाबून धरायचा, करंगळीकडचं हाड आत लोटायचं, आणि हाड जरा नमलं की त्याच क्षणी काच सरकवायची. जरा कमी दाबलं तर बांगडी अडते. जरा जास्त दाबलं तर बाई किंचाळते. कितीक वर्षं फुटक्या काचांचे ढीग उपसून आत्यानं हे त्या यंत्राच्या बोटांत उतरवलं होतं, आणि आता अडीचच्या मनगटात ती सव्वादोनची बांगडी हसतहसत चढवायची. बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर मनगट मोजून प्लास्टिकची उघडमीट बांगडी छापून देणारी यंत्रं उभी होती, तरी काचेचा चुडा भरायला बायका खुटाळ्यांकडंच यायच्या.

"संध्याकाळी येतो आम्ही," लोखंडेकाकू उठल्या. "तोवर होईल ना?"

"होईल की," शाल्मलीच बोलून गेली. कुणी विचारलं नव्हतं तिला.

आत्यानं कंपनीला फोन लावला. पडद्यावर सातारच्या सेवा केंद्रातले भोसेकर आले. गोल चेहरा, गोड आवाज.

"मॅडम, काळजीचं कारण नाही. पहाटे आपल्या हातात सुधारणा आली. बोटं हलवणारी जुनी अंगुली काढून नवी, चौथी, बसवलीय. तुमचा पकडीचा प्रोग्राम जुना आहे, तो जुनीच मागतोय. तुम्ही फक्त 'मान्य' दाबा. नवी पकड बसेल."

"आणि मी शिकवलेलं?"

"ते... नव्यानं शिकवावं लागेल. शिवाय नव्या अंगुलीत एक सुरक्षा आहे. दुसऱ्या माणसाचं अंग ठराविक जोरापलीकडं हात दाबणारच नाही."

"अहो, दाबलं नाही तर बांगडी भरू कशी?"

"मोठ्या मापाची भरा ना," भोसेकर म्हणाले.

आत्यानं फोन ठेवला. इतक्या शांतपणे ठेवला, की शाल्मलीला त्याचीच भीती वाटली. सैल बांगडी! कासाराला याहून मोठी शिवी नाही.

"अक्का, दाबून टाक मान्य," शाल्मलीचे बाबा म्हणाले. ते एसटीच्या आगारात कामाला. डबा खायला दुकानामागच्या घरी आले होते. "बॅटरी तर भरायला हवी ना? ती भरणारा प्रोग्राम नवी अंगुली मागतो म्हणतात. जुनंच धरून बसलीस तर उद्या हात लाकूड होईल."

"विचार करते," आत्या म्हणाली, आणि कोपरापासून हात सोडवून, चार्जिंगला लावून, जेवून आडवी झाली.

आत्याचा विचार होईपर्यंत शाल्मली कसली थांबतेय! तिनं हाताला वायर जोडली आणि आत डोकावली. जे वाटलं होतं तेच. 'पकड' दारात उभी राहून अंगुली-३ या नावानं हाका मारत होती; त्या नावाचं घरात कुणीच नव्हतं. होती ती अंगुली-४. मग उपाय सोपा! जगात लाखो लोकांनी कधी ना कधी केलेला. दारावर अंगुली-३ अशी नावाची पाटी लावायची आणि पाटीमागं अंगुली-४ उभी करायची. एका ओळीचं काम. पकड फसली, खूश झाली, सुरू झाली. बोटं उघडली, मिटली. शाल्मलीनं एकटीनंच दुकानात गिरकी घेतली. कुणाला सांगितलं मात्र नाही. संध्याकाळी चारचौघांत सांगणार होती. तोरा मिरवायचा तर प्रेक्षक नकोत का?

आत्या उठली, हात चढवला, बोटं हलली. "अगं, आपोआप बरा झाला की!"

शाल्मली गालातल्या गालात हसली.

लोखंडेकाकू आल्या, ऐश्वर्या बसली, आत्यानं तिचा हात हातात घेतला. हिरवी काच. सव्वादोन. आत्याचा चेहरा एकदम बदलला, जणू अंधारात पायरी चुकली. काड्, असा आवाज झाला.

"आई गं!"

बांगडीचे तुकडे गादीवर पडले. ऐश्वर्याच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली. पण ते सोडाच, तिचा अंगठा त्या पोलादी बोटांत असा काही अडकला होता की आत्यानं डाव्या हातानं एकेक बोट उपसून काढलं.

"वाढली..." आत्या पुटपुटली. नवरीची बांगडी फुटली असं कासार मेला तरी म्हणत नाही.

"अहो, नवरी आहे ती!" लोखंडेकाकूंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "चुड्याच्या आधीच अवलक्षण! चल गं, त्या यंत्रातून छापून घेऊ. ते निदान हाड तरी मोडत नाही."

आत्यानं ऐश्वर्याचं मनगट धुतलं, पट्टी लावली, हात जोडले. त्या गेल्यावर शटर अर्ध्यावर ओढलं.

"शालू, माझ्या हाताला हात कुणी लावला?"

"मी." शाल्मलीची हनुवटी वर गेली. तशीच सवय होती तिला. "पण मी बरोबरच केलं होतं! काहीतरी आतच—"

"मला विचारलं होतंस?"

"तू झोपली होतीस."

"पहाटे कंपनीचं काम झालं तेव्हाही मी झोपलेच होते." आत्या आरडाओरडा करत नव्हती, आणि तेच वाईट होतं. "त्यांनी न विचारता माझा हात बदलला म्हणून दुपारपासून तू त्यांना शिव्या देतेयस. तू दुसरं काय केलंस? फरक इतकाच की तू माझी भाची आहेस, म्हणून मला जास्त लागलं."

शाल्मलीला रडू आलं. तिनं ते गिळलं, पण हनुवटी काही वर राहीना.

"मी शनिवारी मान्य दाबणार," आत्या म्हणाली. "सैल तर सैल. कुणाचं बोट तरी मोडणार नाही."

बुधवारी शाळेत शाल्मलीचं लक्ष कशातच नव्हतं. चूक कुठं झाली ते तिला मराठीच्या तासाला कळलं, आणि कळल्यावर ती बाकावरून जवळजवळ उडालीच. अंगुली-३ बोटं मोजायची अंगठ्यापासून. अंगठा एक, करंगळी पाच. अंगुली-४ लिहिणाऱ्या नव्या लोकांनी मोजणी उलटी केली होती. करंगळी एक, अंगठा पाच! पकड बिचारी इमानानं सांगत होती, 'पाचव्या बोटानं हलकेच, पहिल्यानं जोरात.' आणि पाटीमागं उभी असलेली तोतयी नेमकं उलटं करत होती. नाव तेच असून भागत नाही. आत ज्या बोलीवर व्यवहार ठरला ती बोली तीच लागते. लिनक्सवर हा घोळ जुना आहे. मोठमोठे लोक अजून त्यात पडतात. पण मोठमोठ्या लोकांच्या चुकीनं पडदा काळा होतो. शाल्मलीच्या चुकीनं रक्त निघालं होतं.

दुपारी ती दुकानात आली ती सरळ आत्यासमोर बसली.

"आत्या, आता विचारते. करू?"

"काय करणार ते आधी सांग. मला कळेल असं. नाही कळलं तर नाही म्हणेन."

शाल्मलीनं श्वास घेतला. "आपल्या मंडळाची भांडी असतात ना, लग्नाकार्याची? मोठी पातेली, हंडे. प्रत्येकानं घरी घेऊन ठेवायची गरज नाही, लागली की मंडळातून आणायची."

"बरं."

"संगणकातही तसंच. बोटं हलवायची कामं सगळ्याच प्रोग्रामना लागतात. मग ती एका जागी ठेवलेली असतात, सामायिक. ती अंगुली. तुझी पकड तिथून मागून आणते, बॅटरीवाला प्रोग्राम पण बोटं तापली का बघायला तिथूनच आणतो. आता मंडळानं जुने हंडे मोडीत काढले आणि नव्या मापाचे आणले. बॅटरीवाल्याला नवेच हवेत. तुझ्या पकडीची झाकणं जुन्या हंड्यांची."

"आणि तू काल नव्या हंड्यावर जुनं नाव घातलंस."

"हो," शाल्मली म्हणाली. कान लाल झाले.

"आता?"

"आता जुना हंडा मी पुन्हा घडवणार. अंगाला जोडलेल्या यंत्राचं सॉफ्टवेअर उघडं ठेवायचा कायदा आहे, म्हणून अंगुली-३चा मूळ मजकूर सगळ्यांना मिळतो. तो मंडळात नाही ठेवायचा. तिथं ठेवला तर कंपनी उद्या परत काढेल, आणि बॅटरीवाला गोंधळेल. तुझ्या पकडीला तिच्या घरीच माळ्यावर ठेवून द्यायचा. आणि पकडीच्या अंगावर गोंदवायचं, 'आधी आपल्या माळ्यावर बघ, मग मंडळात जा.' जुनी-नवी दोघी एका हातात राहतील. एकमेकींचं तोंडही बघायला नको."

आत्यानं समोरचा बांगड्यांचा थर सारखा केला.

"या दुकानात मी आणि तुझी आजी एका गादीवर बसायचो," ती म्हणाली. "तिची पद्धत वेगळी, माझी वेगळी. लोक म्हणायचे एकीचंच काहीतरी ठेवा. आम्ही दोघींचंही ठेवलं." मग ती वळली. "माझ्यासमोर करायचंस. इथं, गादीवर. आणि मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

मग सुरू झालं कंपाइल करणं. माणसानं वाचावा असा मजकूर दळून यंत्राला पचेल असं पीठ काढायचं, इतकंच ते. पण दळण इतकं सोपं असतं तर काय! पहिल्या खेपेला अंगुली-३ दळली गेली, आणि तपासून बघते तर काय, बोटांची मोजणी पुन्हा उलटी.

"असं कसं?" शाल्मलीनं केस ओढले. "मजकूर जुनाच दिलाय मी!"

आत्या डाव्या हातानं गिऱ्हाइकाला टिकल्या दाखवत होती. "गिरणीत आधीच्या माणसाची नाचणी राहिली असेल."

"ही काय गिरणी आहे का आ—" शाल्मली बोलता बोलता थांबली. मग मोठ्यांदा हसली. खरंच राहिली होती नाचणी. बोटांच्या नावांची यादी एका वेगळ्या फाइलीत असते, आणि संगणकानं हाताशी होती म्हणून नव्या अंगुलीची यादी उचलली होती. जुना मजकूर, नवी यादी. तिनं गिरणी झाडली, नव्या याद्यांची वाटच बंद केली, पुन्हा दळलं.

दुसऱ्या खेपेला अंगुली-३ झाली, पण उभी राहीना. तिलाही कुणीतरी लागत होतं. 'सूत' नावाची आणखी एक सामायिक लायब्ररी, पहिली आवृत्ती. मंडळात होती दुसरी. म्हणजे हंडा घडवला तर त्याच्या कडीचा दांडा नाही!

"अजून किती निघणार?" आत्यानं विचारलं.

"कुणाकुणाकडून काय उसनं आणतेय ते विचारायची एक आज्ञा असते. एलडीडी." शाल्मलीनं ती चालवली. ओळी पडत गेल्या, आणि सूत सोडून बाकी सगळ्यांच्या पुढं पत्ता होता, म्हणजे त्या मंडळात होत्या. "एवढीच! मग हिलाही दळू आणि त्याच माळ्यावर टाकू."

गुरुवारी दुपारी काम संपलं. पकड सुरू झाली, आपल्या माळ्यावर गेली, अंगुली-३ घेऊन आली. बॅटरीवाला मंडळात गेला, अंगुली-४ घेऊन आला. हात चार्ज होत होता आणि बोटं आत्याची होती, एकाच वेळी! शाल्मलीला ओरडायचं होतं. पण तिनं आत्याकडं पाहिलं.

आत्यानं हात चढवला. अंगठा हलवला, अंगठाच हलला. करंगळी हलवली, करंगळी हलली. ओल्या मातीच्या गोळ्यात बोटं रुतवून पाहिली. कच्चं अंडं उचललं. उचलून ठेवलं. पण कुणाच्याही हाताला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "घरी नेऊन भरा." ऐश्वर्याचा तो 'आई गं' तिच्या कानातून जात नव्हता. तो काही कंपाइल करून निघण्यासारखा नव्हता.

शनिवारी सकाळी भोसेकर स्वतः आले. हातानं कंपनीला कळवलंच होतं, माझ्या पोटात कुणीतरी काहीतरी ठेवलंय म्हणून. दुकानात पाचसहा बायका होत्या. भोसेकरांनी चपला बाहेर काढल्या, गादीच्या कडेला बसले आणि मांडीवरच्या टॅबलेटच्या पाटीत पाहत म्हणाले, "मॅडम, हात काढून द्या. मी पूर्ववत करतो. कारवाई वगैरे काही नाही."

"पूर्ववत म्हणजे कुठल्या पूर्वीसारखं?" शाल्मली म्हणाली. "सोमवारसारखं की मंगळवारसारखं?"

"बाळ, मोठ्यांच्यात—"

"या बाळानंच केलंय हे," आत्या म्हणाली. "तिच्याशीच बोला."

भोसेकरांनी शाल्मलीकडं नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "ठीक आहे. मग ऐक. ती सुरक्षा आम्ही हौस म्हणून नाही घातली. एका आजोबांनी नातवाचं बोट धरलं होतं, आमच्याच हातानं. पोराचं बोट मोडलं. अंगुली-३ होती. मी गेलो होतो त्या घरी. तू गेली असतीस तर हे केलं नसतंस."

मंगळवारी गादीवर जिथं बांगडीचे तुकडे पडले होते, तिकडं शाल्मलीनं पाहिलं.

"मी पण एकीचं रक्त काढलंय," ती म्हणाली. "इथंच. तुमची अंगुली-४ होती, पण चूक माझी होती. मला माहितीय ते कसं वाटतं. म्हणून सांगते, घाला सुरक्षा. ज्या आजोबांना हवी त्यांना घाला. पण सगळ्या हातांनी एकच अंगुली वापरायची, हे कुणी ठरवलं? आजोबांनी बोट धरायचं असतं, आत्यानं हाड नमवायचं असतं. दोघांना एकच माप का? दोन्ही राहू शकतात एका यंत्रात. मी ठेवून दाखवल्यात! तुम्हाला एवढी मोठी कंपनी असून जमलं नाही, का करायचंच नव्हतं?"

"शाब्बास गं!" मागून कुणीतरी बाई म्हणाली.

भोसेकरांनी कपाळ पुसलं. "हे राहिलं तर कंपनीची सेवा बंद होईल, मॅडम. पुढं हात बिघडला तर कुणी येणार नाही. लिहून द्यावं लागेल."

आता शाल्मलीला त्याचा अर्थ उमगला. कुणी येणार नाही, म्हणजे येणार कोण? तीच. बारावीला असली तरी, कॉलेजला पुण्याला असली तरी. जन्मभर. तिनं आत्याकडं पाहिलं. 'लिहून दे' असं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते तिचं बोलायचं नव्हतं. ती गप्प बसली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

"आणा, कुठं सही करू?" आत्या म्हणाली.

तिनं सही उजव्या हातानं केली. तिरकी आली, पण आली.

"आता एक बघायचंय," आत्या हळूच म्हणाली. "शालू, हात दे."

शाल्मलीनं हात पुढं केला. मूठ आवळलेली. आठवडाभर आवळलेलीच होती ती.

"हात सैल सोड," आत्या म्हणाली.

"सोडलाय."

"नाही सोडलास. भांडत असताना बांगडी भरता येत नाही. सोड."

सैल सोडायचा म्हणजे काय, हे शाल्मलीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तिनं डोळे मिटले. खांदा सोडला, मग कोपर, मग मनगट. पोलादी अंगठा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी टेकला, दाबत गेला, दाबतच गेला. कळ डोक्यात गेली. हाडाला हाड लागलं. आणि एकदम काहीच नाही. डोळे उघडले तर मनगटात हिरवी काच.

आत्यानं डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावला.

"मला पण."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर ऐश्वर्या लोखंडे उभी होती. स्कूटीची किल्ली बोटात, मनगटावर अजून पट्टी. दुसऱ्या हातात छापलेल्या हिरव्या बांगड्यांचा डबा. तो तिनं गादीवर ठेवला.

"चिमट्यासारख्या उघडतात या," ती म्हणाली. "रात्री घालून बघितल्या, सकाळी दोन उशीत सापडल्या. भरा तुम्ही. डाव्या हातापासून सुरू करा, उजवा दुखतोय अजून."

"आईला सांगून आलीस?"

"घरी गेल्यावर ओरडेल ती. तुम्ही भरा."

"ताई, एक मिनिट," भोसेकर उठून उभे राहिले. "तुम्हाला कल्पना आहे ना, या हाताला आता मर्यादा नाही?"

"मंगळवारी होती ना मर्यादा?" ऐश्वर्यानं पट्टीचा हात वर केला. भोसेकर खाली बसले.

ऐश्वर्यानं डावा हात आत्याच्या हातात दिला. आत्यानं तो अगदी हलके धरला, इतका हलके की दोघींनाही कळलं, तिला भीती वाटतेय. भोसेकरांच्या पाटीवर जोराचा आकडा उमटत होता. हिरवा. आत्यानं अंगठा दुमडला. काच बोटांवरून सरकली आणि हाडाशी अडली. आकडा पिवळा. ऐश्वर्यानं ओठ चावला. आकडा लाल झाला, लुकलुकायला लागला.

"थांबू का गं?" आत्यानं विचारलं.

"थांबून तर बघा!"

दुकानातल्या बायका हसल्या आणि त्या हसण्यातच हाड नमलं, बांगडी सुळकन मनगटात उतरली. लखलखीत, अखंड, सव्वादोनची. भोसेकर पाटीकडं बघत होते की मनगटाकडं, शाल्मलीला सांगता आलं नसतं.

आत्यानं डोळे न उचलता रिकामा हात शाल्मलीपुढं केला.

"पुढची दे," ती म्हणाली.